वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांची तयारी: पेपरआधी काय काय पक्कं करून ठेवायचं

एसएससी सीजीएल म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची भरती परीक्षा; तिच्या टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्लिशचे २५ प्रश्न, ५० मार्क, आणि एक चुकला की अर्धा मार्क जातो, त्यामुळे 'कानाला बरं वाटतंय' म्हणून ऑप्शन टिक करायची सवय आधी सोडा. सोलापुरात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, आणि तिन्ही भाषांत प्रत्यय शब्दालाच चिकटलेला असतो म्हणून शब्द पुढंमागं झाले तरी अर्थ सहसा बिघडत नाही. इंग्लिशमध्ये कोण कुणाशी जोडलंय हे बरंचसं जागेवरूनच कळतं. आपण हमखास चुकतो ते इथंच, तेव्हा तयारी पण इथूनच धरा.

सगळ्यात जास्त वेळ कॉमाला द्या. वाक्य आयएनजीवाल्या शब्दानं सुरू झालं की कॉमापाशी थांबायचं, हे काम करतंय कोण ते विचारायचं, आणि कॉमानंतर लगेच तोच माणूस आलाय का बघायचं. 'वॉकिंग टू सात रस्ता, द रेन स्टार्टेड' यात पाऊसच सात रस्त्याला चालत निघालाय. मराठीत 'सात रस्त्याकडं चालत जाताना पाऊस सुरू झाला' हे एकदम बरोबर, कारण 'जाताना'चा कर्ता वेगळा असलेला आपल्याकडं चालतो, म्हणून तर चूक डोळ्याला दिसत नाही. 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' केलं की झालं.

यातली खरी फसवणूक 'माय'वाल्या वाक्यात असते. 'रनिंग फॉर द बस, माय बॅग फेल' वाचताना 'माय' दिसतो आणि माणूस आलाच असं वाटतं, पण कर्ता बॅग आहे, धावतीय बॅग. पॅसिव्हमध्ये पण असंच, 'हॅविंग फिनिश्ड द पेपर, द मोबाईल वॉज स्विच्ड ऑन', इथं पेपर मोबाईलनं सोडवला. 'ही स्विच्ड ऑन द मोबाईल' पाहिजे. आणि 'बीइंग अ हॉट डे, वी स्टेड ॲट होम' हे तर मे महिन्यात आपण रोज बोलू असं वाक्य, त्याला पुढं 'इट' लावून 'इट बीइंग अ हॉट डे' करायचं. ही चारही वाक्यं वहीत लिहून प्रत्येकाखाली स्वतःची दोन-तीन तयार करा, नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

मग 'ओन्ली', 'ऑलमोस्ट', 'नियरली'. ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला खेटून ठेवायचे. 'ही ऑलमोस्ट सोल्ड फिफ्टी टॉवेल्स' म्हणजे विकता विकता राहिले, 'ही सोल्ड ऑलमोस्ट फिफ्टी टॉवेल्स' म्हणजे पन्नासच्या जवळपास विकले, दुकानदाराला विचारा फरक केवढा पडतो ते. 'विथ'चं पण तसंच: 'ही सोल्ड अ चादर टू अ कस्टमर विथ अ पीकॉक डिझाईन' यात मोर गिऱ्हाइकावर आलाय, डिझाईन चादरीशेजारी आणा.

वाक्प्रयोगांना नियम शोधत बसू नका, वेळ जातो, पाठच करा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही, 'रिटर्न'नंतर 'बॅक' नाही, 'कोप अप विथ' नाही, नुसतं 'कोप विथ'. 'मॅरीड टू', 'गुड ॲट मॅथ्स', 'सीनियर टू', 'प्रिफर टी टू कॉफी'. 'नो सूनर' आलं की 'दॅन', 'हार्डली' आलं की 'व्हेन'. 'लुकिंग फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नाही, 'मीटिंग'. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्याला रोज थोडे विचारायला सांगा, आपणच आपल्याला विचारलं की अर्धे सुटतात.

मागच्या वर्षांचे पेपर सोडवताना उत्तर बरोबर आलं तरी कारण एका ओळीत लिहा: कॉमा, जागा का वाक्प्रयोग. ज्यापुढं कारण लिहिता येत नाही तो प्रश्न नशिबानं सुटलाय, तो परत सोडवा.

एवढं झालं की अपवाद बघा, आधी नको. 'जनरली स्पीकिंग', 'कन्सिडरिंग' असल्या सुरुवातींना कर्ता लागत नाही, त्या तशाच बरोबर असतात. आणि 'नो इम्प्रूव्हमेंट', म्हणजे वाक्य आहे तसंच बरोबर, हा ऑप्शन बघून घाबरायचं कारण नाही, कॉमा, जागा आणि वाक्प्रयोग तिन्ही तपासून काही सापडलं नाही तर तोच टिक करा आणि पुढं सरका, ६० मिनिटांत १०० प्रश्न आहेत.