फळ्यावर 'फितुरी' लिहिण्याआधी: अल्बेनियाचा तास कसा घ्यावा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी नाशिकला इंदिरानगरात माझ्या घरी एम.ए.ची सात-आठ मुलं इतिहासाला येतात. दुसऱ्या महायुद्धातला अल्बेनिया आला की बहुतेक जण एका वाक्यात उरकतात, की तिथले लोक शत्रूला फितूर झाले. मीही एकदा तेच सांगितलं होतं. कोपऱ्यातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग तिथल्या ज्यूंना घरात लपवलं कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून हा तास नव्याने बांधला.

आधी रविवार कारंज्यावरून ट्रेसिंग पेपरचे तीन कागद आणा. ॲटलासमधलं बाल्कनचं पान उघडा, त्यावर पहिला कागद ठेवा आणि कोपऱ्यांना क्लिपा लावा, नाहीतर रेषा सरकते.

पहिल्या कागदावर १९३९. आधी समुद्र दाखवा. इटली आणि अल्बेनियामधलं अंतर सर्वात अरुंद जागी सत्तरएक किलोमीटर, म्हणजे नाशिकहून शिर्डीपेक्षा कमी. मुलं इथेच सावरून बसतात. ७ एप्रिलला मुसोलिनीचं सैन्य उतरलं, राजा झोग देश सोडून गेला, मुकुट इटलीच्या राजाकडे गेला आणि अल्बेनियाचं सैन्य इटलीच्या सैन्यात मिसळून टाकलं. त्या शिपायाला कोणी विचारलं होतं का, हे मुलांना विचारा. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर चाल केली तेव्हा तोमोरी नावाची अल्बेनियन बटालियन पुढे होती. ती फुटली, बरेच शिपाई पळाले.

दुसरा कागद १९४१ चा. इथे घाई करू नका, सगळी गाठ इथेच आहे. एप्रिलमध्ये युगोस्लाव्हिया कोसळल्यावर कोसोव्होचा मोठा भाग आणि पश्चिम मॅसेडोनियाचा पट्टा इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला गेला. लाल पेन्सिलने नवी सीमा मुलांकडूनच काढून घ्या. बेलग्रेडच्या, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या, राज्यात दडपले गेलेले कोसोव्होतले अल्बेनियन आणि अल्बेनियाची राजधानी तिराना इथले अल्बेनियन भाषेने एक, पण परकं सैन्य आलं ते दोघांना सारखं दिसलं नाही. तिरानावाल्यांचं राज्य गेलं होतं, कोसोव्होतल्यांना वाटलं की आपली माणसं एका सीमेत आली. हात सरकवत रेषा काढताना हे जसं कळतं तसं माझ्या बोलण्याने कधी कळलं नाही.

तिसरा कागद सप्टेंबर १९४३ चा. इटलीने शरणागती पत्करली, जर्मन आले. त्यांनी अल्बेनियाला नावापुरतं 'स्वतंत्र, तटस्थ' ठेवलं आणि सीमा तशीच राखली. ती सीमा टिकावी म्हणून कोसोव्होतल्या प्रिझरेन शहरात संघटना उभी राहिली. मे १९४४ मध्ये एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची, 'स्कँडरबेग' डिव्हिजन उभारली, सुमारे साडेसहा हजारांची, बहुतेक कोसोव्होतले. स्कँडरबेग म्हणजे पंधराव्या शतकात तुर्कांशी पाव शतक झुंजलेला वीर. परक्याने आपल्या वीराचं नाव तुकडीला का दिलं असेल, हे महाराष्ट्रातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. १४ मे रोजी याच तुकडीने कोसोव्होतल्या प्रिस्टिना शहरात २८१ ज्यूंना धरलं. हा आकडा फळ्यावर लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. कोसोव्होचं दुखणं समजून घेतलं म्हणून हा गुन्हा हलका होत नाही, हे मी स्पष्ट शब्दांत सांगते.

ऑक्टोबरपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई पळाले आणि १ नोव्हेंबरला डिव्हिजन मोडीत काढली. एवढं पुरे, लढायांची जंत्री देऊ नका.

आता त्या मुलीचा प्रश्न. जुन्या सीमेतल्या अल्बेनियात पाहुण्याला दिलेला शब्द, 'बेसा', जिवापाड पाळतात. तिथल्या कुटुंबांनी ज्यूंना शेतकऱ्यांचे कपडे घालून घरात ठेवलं, आणि युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यू आधीपेक्षा जास्त होते. तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. प्रिस्टिना लाल रेषेच्या नव्या बाजूला, तिराना जुन्या बाजूला.

शेवटी कोणीतरी नेताजींचं नाव काढतंच. टाळू नका. त्यांनी जर्मनीत उभारलेली भारतीय सैनिकांची तुकडी ऑगस्ट १९४४ मध्ये एसएसकडे वर्ग झाली, हेही सांगून टाका. मग अल्बेनियाला लावलेलेच प्रश्न लावा: माणूस कुठला, साल कोणतं, शपथ कोणाची, बंदूक कोणावर? यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा. माझ्याकडे ती दर वेळी अपुरी पडतात आणि मुलं फाटकाशी चपला घालतानाही वाद घालत असतात.