बॅकअप उघडून बघितलाय का? ऑनलाइन ऑर्डर सांभाळणाऱ्यांसाठी

महापे एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. ठाणे, वाशी, पनवेलच्या पस्तीसेक विक्रेत्यांच्या ऑनलाइन ऑर्डर आम्ही सांभाळतो: स्टॉक, बिल, कुरिअरचं लेबल, रिफंड, सगळं. आमची सिस्टीम बसली की धंदा त्यांचा बुडतो. नौपाड्यातल्या एक काकू पुरणपोळ्या आणि मोदकाची पिठी विकतात, त्यांचं घर त्यावर चालतं. म्हणून हे काम करणाऱ्या प्रत्येकाने काय करून ठेवावं ते सांगते.

सुरुवात बॅकअपपासून. आमचा डेटाबेस रोज रात्री 2 वाजता कॉपी व्हायचा आणि सकाळी ‘बॅकअप पूर्ण’ असा मेल यायचा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सर्व्हरची डिस्क गेली. निर्धास्तपणे कॉपी उघडायला गेलो, तर फाइल शून्य केबी. आदल्या दिवशीची शून्य. त्याच्या आदल्या दिवशीचीही. कॉपी ज्या ड्राइव्हवर जायची तो 11 आठवड्यांपूर्वीच भरला होता. स्क्रिप्ट फक्त फाइल तयार झाली का एवढंच बघायची, म्हणून मेल येत राहिले. मग चार दिवस सहा जणांनी कुरिअरच्या पावत्या, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) रिपोर्ट आणि व्हॉट्सॲपवरची चॅट चाळून ऑर्डर हाताने भरल्या. काकूंच्या 23 ऑर्डर सापडल्याच नाहीत. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हा महिन्याच्या पहिल्या शनिवारी रिकाम्या मशीनवर कालचा बॅकअप चढवा. कालच्या शेवटच्या ऑर्डरचा नंबर त्यात शोधा, एकूण ऑर्डर मोजून ताळा घ्या आणि किती वेळ लागला ते वहीत लिहा. पहिल्या खेपेला आम्हाला साडेपाच तास लागले, आता 50 मिनिटांत होतं. डेटाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर. आणि निदान एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. 27 जून 2017 ला नॉटपेट्या हा संगणकातला डेटा निकामी करणारा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनलही ठप्प झालं होतं. कंपनीच्या जगभरच्या डोमेन कंट्रोलरपैकी (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) घानातला एकच शाबूत राहिला, तोही तिथे वीज गेल्यामुळे नेटवर्कपासून सुटला म्हणून. आपण नशिबावर विसंबू नये, ती प्रत मुद्दाम तोडून ठेवावी.

विजेचंही तसंच. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा लाइनच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती. यूपीएस दर तीन महिन्यांनी लोड देऊन तपासा, आणि इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या.

पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा वेबहूकची असते, म्हणजे पैसे आल्याचा जो निरोप गेटवे आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवतो त्याची. सर्व्हर बंद असला की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो, आणि मग एकाच पेमेंटच्या दोन ऑर्डर पडू शकतात. पेमेंट आयडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवा, निरोपाची डिजिटल सही (तो खरंच गेटवेकडून आल्याची खूण) तपासूनच तो स्वीकारा, आणि रोज रात्री गेटवेचा रिपोर्ट व आपल्या ऑर्डर समोरासमोर ठेवून मेळ घाला.

चोरीची वाट बहुधा पासवर्डातून जाते. डोमेन, होस्टिंग, मेल आणि गेटवे या चार ठिकाणी आजच टू-फॅक्टर लावा, म्हणजे पासवर्डाशिवाय ओटीपीसारखा दुसरा पुरावाही लागेल. काम सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद करा, माणूस कितीही घरचा असला तरी. एपीआय की (एका सिस्टीमला दुसरीत शिरू देणारा गुप्त कोड) चुकून गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमचे सगळे बदल जपणाऱ्या साठ्यात, गेली तर ती ओळ पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते. की बदलाच. जुन्या एक्सेलमध्ये ग्राहकांचे कार्ड नंबर पडलेले असतील तर काढून टाका, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्याला ते साठवता येत नाहीत.

शेवटी एक कागद छापून दारामागे चिकटवा, कारण सिस्टीम पडली की गूगल ड्राइव्हवरची यादीही उघडेल याची खात्री नसते. होस्टिंगला कोण फोन करणार, विक्रेत्यांना कोण कळवणार, सगळं नावानिशी लिहा. पैसे लुटले गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हल्ला झालाय असं कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं, आणि लॉग (सिस्टीममध्ये काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवसांचे जपावे लागतात. घाईघाईने मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. नेटवर्कची केबल काढा आणि थांबा.

विक्रेत्यांची यादी ज्यांचा माल लवकर खराब होतो त्या क्रमाने लावा. आमच्या कागदावर पहिला नंबर काकूंचा आहे. त्यांच्या पोळ्यांचे डबे सकाळी 9 ला कुरिअरकडे जातात, म्हणून त्यांना साडेआठच्या आत फोन गेला पाहिजे.