‘पुट ऑफ’: मीटिंग, माणूस आणि मासे

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, हे बहुतेकांना पाठ असतं. घोळ होतो तो वाक्यात वापरताना.

‘डेंटिस्टकडे जायचं मी टाळतोय’ हे इंग्रजीत ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ असं होतं. डोक्यात ‘जायचं’ असल्यामुळे तोंडात ‘टू गो’ येतं, पण ‘पुट ऑफ’पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतोच. दुसरी नेहमीची चूक ‘पुट ऑफ इट’. इट, देम, हिम यांची जागा मधेच: ‘पुट इट ऑफ’. नाम असेल तर ‘पुट द मीटिंग ऑफ’ किंवा ‘पुट ऑफ द मीटिंग’, दोन्ही चालतं. नाम लांबलचक असेल तर ‘ऑफ’ आधी उरकून घ्यावं. कधीपर्यंत ढकललं ते सांगायला ‘टिल मंडे’, किती काळ ते सांगायला ‘फॉर अ वीक’. भूतकाळातही रूप ‘पुट’च राहतं, ‘पुटेड’ नाही. बोलताना जोर ‘ऑफ’वर.

आता खरा सापळा. मराठीत ‘पुढे’ म्हणजे नंतर. इंग्रजीत मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे आणणं, आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘पुट बॅक’ म्हणजे पुढे ढकलणं! परदेशातल्या सहकाऱ्याला मेल लिहिताना म्हणूनच नवी तारीख स्पष्ट घालावी. आपला ‘प्रीपोन’ तिकडे सगळ्यांना कळेलच असं नाही. कार्यक्रम रद्दच झाला असेल तर ‘कॉल ऑफ’. औपचारिक पत्रात ‘पोस्टपोन’ बरा दिसतो.

कर्म माणूस असलं की अर्थ बदलतो. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे ‘आज या, उद्या या’ करत तो माझी बोळवण करतोय. नोटा मोजताना कुणी मधेच बोललं आणि आकडा चुकला, तर ‘यू पुट मी ऑफ’: लक्ष विचलित केलंस. हा वापर मुख्यतः ब्रिटिश.

सगळ्यात मजेदार अर्थ मन उडण्याचा. ‘दॅट स्मेल पुट मी ऑफ फिश’: त्या वासाने मासे नकोसेच झाले. इथे माणूस मधे आणि नकोशी गोष्ट ‘ऑफ’नंतर, हा क्रम हलत नाही. यावरूनच ‘ऑफपुटिंग’ हे विशेषण आलं, शब्द उलटे करून. किळस येण्याइतकं नाही, पण पाऊल मागे घ्यायला लावणारं काही असलं की ते वापरतात. दुकानदाराचा तुसडा स्वर ऑफपुटिंग असू शकतो.

राहता राहिला दिवा. ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ कुठेही खपतं. कपडे आणि चपला काढायला ‘टेक ऑफ’च.