मुंबईत राहून डांगी गाई पाळताय? या चुका टाळा

मुलुंड-डोंबिवलीकडची मंडळी शहापूर, मुरबाडला जागा घेतात आणि चार देशी गाई ठेवून दूध मुंबईत विकायचं ठरवतात. बेत चांगला आहे, पण पहिली चूक हिशेबातच होते. डांगीकडून दोन वेळचं मिळून दोन-तीन लिटर दूध धरा, त्यातही वासराचा वाटा. ही नाशिकच्या इगतपुरी आणि नगरच्या अकोले तालुक्यातल्या धो-धो पावसातली जात. कातडीला तेलकटपणा, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि टणक, म्हणून बैल भाताच्या चिखलात दिवसभर चालतो. घोटीच्या बाजारात मोल होतं ते खोंडाचं, वळूचं, जातिवंत कालवडीचं. मिळकत तिथूनच धरा, दूध वरखर्चापुरतं.

दुसरी चूक मी स्वतः केली: नुसती कास बघून गाय घेतली. सकाळचे अकरा वाजलेले, कास टम्म, सडातून थेंब गळत होता. मला आनंदच झाला! घरी आणून दुसऱ्या दिवशी धार काढली तर तांब्यासुद्धा भरेना. आदल्या संध्याकाळची धार काढलीच नव्हती, दूध तुंबवलेलं होतं. तेव्हापासून मी सौदा बाजारात ठरवत नाही. विकणाऱ्याच्या गोठ्यावर आदल्या संध्याकाळी जातो, समोर कास पूर्ण रिकामी करायला लावतो आणि सकाळची धार मोजतो. चारही सडांची पहिली धार तळहातावर घेतो. गुठळी दिसली म्हणजे कासेला रोग, तसाच परत फिरतो. दात बघतो: चार दाती म्हणजे साधारण तीन वर्षांची. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर कागदाशी ताडतो. लम्पीची, म्हणजे अंगावर गाठी उठणाऱ्या साथीच्या रोगाची, लस टोचलीय का, तेही विचारतो. 2022 ची साथ ज्यांनी पाहिली, ते नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधल्याशिवाय राहत नाहीत.

दूध वाढावं म्हणून डांगीला जर्सीचं रेतन करू नका. त्या कालवडीला जातिवंत म्हणून भाव मिळत नाही, आणि तुमच्या दावणीतली जातही तिथेच संपते.

‘ए-टू’ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार, देशी गाईचं दूध या नावाने महाग विकतात) या शब्दावर भाव उभा करू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये असे दावे वेष्टनांवरून काढून टाकायला सांगितलं आणि आठवड्याभरात आदेश मागे घेतला. म्हशीचं दूधही ए-टूच असतं. मुंबईच्या जिभेला तर तबेल्याच्या म्हशीच्या दाट दुधाची सवय. गाईचं दूध पातळ लागलं की गिऱ्हाईक पाणी घातल्याचा संशय घेतं. त्याला एकदा सोबत नेऊन धार दाखवा.

गोऱ्हे आणि भाकड गाई हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा म्हातारं जनावर शेवटपर्यंत तुमच्याच दावणीला. तीन दुभत्या गाई असतील तर चारा सहा जनावरांचा धरा, आणि पेंढा दिवाळीच्या सुमारास झोडणी चालू असतानाच भरून ठेवा.