मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतचा प्रॉब्लेम डिझायनरने कसा हाताळावा

सगळ्यात आधी लॅपटॉप बंद ठेवा. ॲपची स्क्रीन नंतर, आधी मे महिन्यात दुपारी 2 वाजता नागपूरच्या सीताबर्डीला जाऊन उभे राहा, जिथे मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइन भेटतात, आणि बाहेर पडणारी माणसं कुठं वळतात ते नुसतं पाहा.

मग कागदावर सगळ्यांना मांडा, ऑटोवाले, ठेलेवाले, ट्रॅफिक पोलीस, महापालिका, मेट्रोवाले, आणि बाणांनी जोडा. इथं घाई करू नका भाऊ, खरं काम हेच आहे. सावली नाही म्हणून लोक चालत नाहीत, चालत नाहीत म्हणून गाडी काढतात, गाडी फुटपाथवर लागते, मग ज्याला चालायचं त्यालाही जागा उरत नाही! हे चक्र सापडलं की कुठं हात घालायचा ते कळतं.

1973 मध्ये हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी असल्या प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं, त्यांना शेवटचं उत्तर नसतं. म्हणून एकाच रस्त्यावर दोन आठवडे सावलीसाठी हिरवी नेट बांधून पाहा, ठेलेवाल्यांना विचारूनच बरं का, आणि परत त्याच वेळी जाऊन माणसं मोजा.