नकली एक्स्टेन्शनच्या वेबसाइट्स: या चुका टाळा

जाहिराती रोखणारं 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, 2025 साली क्रोममध्ये चालेनासं झालं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली. मग लोक शोधायला लागले, 'यूब्लॉक ओरिजिन क्रोम डाउनलोड'. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी: एक्स्टेन्शनचं नाव सर्चमध्ये टाकायचं आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर क्लिक करायचं. वरचा दुवा बऱ्याचदा जाहिरात असतो आणि जाहिरातीची जागा पैसे भरून कोणालाही मिळते. जानेवारी 2023 मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या 'बिटवॉर्डन'च्या नावाने गूगलवर अशीच जाहिरात झळकत होती. पत्ता होता 'अ‍ॅपबिटवॉर्डन डॉट कॉम'. पान हुबेहूब, पण मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे पासवर्ड उघडणारा मुख्य पासवर्ड, चोरण्यासाठी उभं केलेलं.

दुसरी चूक म्हणजे देखण्या पानावर विश्वास ठेवणं. यूब्लॉक ओरिजिनची गोष्ट यासाठी माहीत असावी. रेमंड हिल यांनी 2014 मध्ये 'यूब्लॉक' लिहिलं. 2015 मध्ये त्यांनी तो प्रकल्प दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि थोड्याच दिवसांत स्वतःची वेगळी आवृत्ती सुरू केली, तीच यूब्लॉक ओरिजिन. मूळ नाव मात्र 'यूब्लॉक डॉट ऑर्ग'कडे राहिलं. तिथे देणग्या मागितल्या गेल्या, 2018 मध्ये 'अ‍ॅडब्लॉक' या दुसऱ्या जाहिरात-रोधकाने ते विकत घेतलं, आणि 2019 पासून ते काही जाहिराती मुद्दाम दिसू देऊ लागलं. नाव जवळजवळ तेच, पण हिल यांचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांचं खरं घर म्हणजे गिटहबवरचं, म्हणजे प्रोग्रामर आपले प्रकल्प ठेवतात त्या वेबसाइटवरचं, साधं, मजकुरानं भरलेलं पान. ते देणगी घेत नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून यूब्लॉक ओरिजिनच्या नावाने कोणी वर्गणी किंवा 'प्रो' आवृत्तीचे पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. क्रोमसाठी हिल यांचीच 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' आहे. पूर्ण आवृत्ती हवी असेल तर ती फायरफॉक्सवर अजून चालते.

पत्ता वाचताना लोक डावीकडून पहिला ओळखीचा शब्द पाहतात आणि निर्धास्त होतात. उलट वाचा. पत्त्यातल्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचे शेवटचे दोन तुकडे पाहा. साधारणपणे मालक तिथे कळतो. 'क्रोमवेबस्टोअर डॉट गूगल डॉट कॉम' हे गूगलचं. तेच शब्द डावीकडे ठेवून शेवटी भलतंच नाव आलं, तर ती जागा त्या भलत्याच माणसाची. कुलुपाचं चिन्ह इथे उपयोगाचं नाही. जोडणी सुरक्षित आहे एवढंच ते सांगतं, समोर कोण बसलंय हे नाही.

सगळ्यात घातक चूक डाउनलोडच्या पायरीवर होते. नोव्हेंबर 2024 मध्ये बिटडिफेंडर या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी फेसबुकवरच्या जाहिराती उघडकीस आणल्या. 'तुमचं बिटवॉर्डन जुनं झालंय, लगेच अपडेट करा' असा सूर. क्लिक केलं की क्रोमच्या स्टोअरसारखं दिसणारं पान, तिथून झिप फाइल, आणि मग सूचना: फाइल उघडा, डेव्हलपर मोड (स्टोअरबाहेरचं एक्स्टेन्शन बसवू देणारी सोय) चालू करा, फोल्डर लोड करा. आत शिरलेलं एक्स्टेन्शन फेसबुकच्या कुकीज (तुम्ही लॉग इन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या नोंदी) आणि खात्याची माहिती गोळा करत होतं. एक नियम पक्का धरा. झिप फाइल आणि डेव्हलपर मोड हे रोजच्या वापरकर्त्याचं काम नाही. स्टोअरमधून घेतलेलं एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं. त्यासाठी जाहिरात कधीच येत नाही.

अधिकृत स्टोअरमध्ये आलात तरी डोळे उघडे ठेवा. 2017 मध्ये 'अ‍ॅडब्लॉक प्लस'ची नक्कल खुद्द क्रोमच्या स्टोअरमध्ये होती आणि सुमारे 37,000 जणांनी ती घेतली होती. निर्मात्याचं नाव तपासा. त्याहून चांगलं म्हणजे निर्मात्याच्या मूळ पानावर जा आणि तिथल्या दुव्यानेच स्टोअरमध्ये या.

आणि नकली एक्स्टेन्शन आलंच असेल तर? घाबरून पहिल्यांदा पासवर्ड बदलू नका. ते अजून ब्राउझरमध्ये असेल तर नवा पासवर्डही त्याच्या हाती जाईल. डाउनलोड फोल्डरमधली फाइल पुसूनही भागत नाही. आधी एक्स्टेन्शनच्या यादीतून ते काढा. सिंक, म्हणजे एकाच खात्याने सगळ्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर सारखा ठेवणारी सोय, चालू असेल तर ऑफिसच्या आणि घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही बघा, ते तिथेही पोहोचलेलं असू शकतं. घरच्या कॉम्प्युटरवर 'हे तुमच्या संस्थेने बसवलंय' अशा अर्थाचा संदेश दिसत असेल आणि एक्स्टेन्शन निघतच नसेल, तर कुठल्यातरी प्रोग्रामने ब्राउझरच्या धोरणात (संस्थेला ब्राउझरवर ताबा देणाऱ्या सेटिंगमध्ये) ढवळाढवळ केली असण्याची शक्यता मोठी. तिथे जाणकाराला दाखवाच.

मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला आणि ईमेल, फेसबुक, बँक यांतून 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' करा. ही पायरी बहुतेकजण विसरतात. कुकी चोरीला गेली असेल, तर चोराला पासवर्डची गरजच नसते. तो आधीच आत असतो. भारतात असाल आणि पैसे गेले असतील, तर एक तासही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे ज्या खात्यात गेले तिथली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.