अठरा पत्त्यांत आगबोट: दोघांसाठी घरी छापायचा स्टीमपंक खेळ

स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्यावर बेतलेली काल्पनिक दुनिया, म्हटलं की लोक लगेच लंडनचं धुकं आणि पितळी चष्मे शोधायला लागतात. अरे पण आपल्याच किनाऱ्याला वाफेच्या आगबोटी होत्या ना, मुंबईहून निघायच्या आणि बंदरं घेत घेत खाली कोकणात यायच्या, कितीतरी ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही, लोक पडावात, म्हणजे छोट्या होडीत बसून आगबोटीपर्यंत जायचे, आणि पावसाळा लागला की सगळं बंद. यापेक्षा भारी थीम अजून काय पाहिजे? म्हणून हा दोघांचा खेळ आगबोटींवर बेतलाय, पंधराएक मिनिटांत संपतो, गणपतीला घरी गेल्यावर रात्री आरत्या झाल्या की पडवीत बसून किंवा कोकण रेल्वेच्या बर्थवर पण खेळता येतो.

माझं ठाम मत आहे की पत्त्याच्या कोपऱ्यात दातेरी चाक काढलं म्हणून खेळ स्टीमपंक होत नाही. वाफेची खरी गंमत दाबात आहे, दाब कमी असला तर बोट हलत नाही आणि जास्त झाला तर बॉयलर फुटतो. तेवढी एकच गोष्ट खेळात आणायची, बाकीचा मोह टाळायचा.

एकूण १८ पत्ते. सहा बंदरं, उत्तरेकडून दक्षिणेकडे: दाभोळ १ गुण, जयगड २, रत्नागिरी ३, विजयदुर्ग २, मालवण ३, वेंगुर्ला ४. उरलेले १२ इंजिनचे पत्ते: वाफेचे १ ते ५, प्रत्येक आकड्याचे दोन दोन म्हणजे दहा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचे, म्हणजे जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपेचे दोन, त्यांची किंमत उणे ३.

आता खेळायचं कसं. बंदरं वरच्याच क्रमाने गठ्ठ्यात ठेवायची, वर दाभोळ, आणि एकेक उघडायचं. इंजिनचे पत्ते पिसून प्रत्येकाला तीन वाटायचे. दोघांनी एकाच वेळी एक पत्ता स्वतःच्या बॉयलरमध्ये, म्हणजे स्वतःपुढे, आणि एक समोरच्याच्या बॉयलरमध्ये, म्हणजे त्याच्यापुढे, पालथा ठेवायचा, तिसरा हातातच राहतो. मग चारही उघडायचे. तुमचा दाब म्हणजे तुम्ही स्वतःला ठेवलेला पत्ता अधिक समोरच्याने दिलेला पत्ता, शून्याच्या खाली गेला तर शून्यच धरायचा. ७ पर्यंत बॉयलर टिकतो, ८ झाले की फुटला. न फुटलेल्यांत ज्याचा दाब जास्त त्याचं बंदर. बरोबरी झाली किंवा दोघांचे फुटले तर ते बंदर तिथेच राहतं आणि पुढचं त्याच्यावर येतं, जिंकणारा दोन्ही घेतो. एक बंदर म्हणजे एक डाव. पहिल्या डावानंतर दोन दोन पत्ते उचलायचे, दुसरा डाव झाला की हातातल्यासकट सगळे बारा परत पिसून वाटायचे. असं तीनदा केलं की सहा बंदरं होतात. शेवटचं बंदर बरोबरीत सुटलं तर तिथे पडलेलं कोणालाच नाही. गुण सारखे झाले तर ज्याच्याकडे सगळ्यात मोठं बंदर तो जिंकला.

डोकं चालवायची जागा इथे आहे. स्वतःला २ ठेवलात तर काहीही झालं तरी बॉयलर फुटत नाही, कारण समोरच्याने ५ दिला तरी ७ च होतात, उलट तोच सगळ्यात भारी दाब! ३ ठेवलात तर फक्त ५ ची भीती, ४ ठेवलात तर ४ आणि ५ ची, आणि ५ ठेवलात तर ३ पासून वरचं काहीही आलं की गेलात. म्हणजे समोरच्याला मोठा पत्ता देणं हे शस्त्र पण आहे आणि आंदण पण, त्याने स्वतःला काय ठेवलंय हे ओळखता आलं पाहिजे. समजा तुमच्या हातात ५, ४ आणि १ आहेत. ४ स्वतःला, १ त्याला हा सरळ खेळ, पण ५ त्याला आणि १ स्वतःला ठेवला तर तो लोभी असेल तर फुटेल, सावध असेल तर तुम्हीच त्याला बंदर दिलंत. दुसऱ्या डावात तर अजून मजा, चार पत्ते उघडे पडून गेलेले असतात, त्यात दोन्ही ५ गेले असतील तर ३ बिनधास्त ठेवा. झब्बू-बदामसात खेळून मोठे झालेल्यांना गेलेले पत्ते लक्षात ठेवायला शिकवावं लागत नाही.

छापायच्या आधी वहीची पानं फाडून पेन्सिलने आकडे लिहा आणि दोन-तीन वेळा खेळून बघा, हे प्लीज टाळू नका. मग फाइल करा: एक पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर, ए-फोरवर तीन बाय तीन असे नऊ बसतात, म्हणजे दोन पानांत काम झालं. झेरॉक्सवाल्याला स्पष्ट सांगा की १०० टक्के साइजवर काढ, फिट टू पेज नको, आणि दुकानातच पट्टी लावून एक पत्ता मोजा. पाठीवर डिझाइन छापू नका, दोन बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतात आणि मग कापल्यावर पत्ते पाठीवरून ओळखू येतात.

रंगीत प्रिंटवर पैसे घालायची गरज नाही, खाकी कार्डशीटवर काळी लेझर प्रिंट काढली की जुन्या कारखान्याच्या कागदासारखं दिसतं. लेझरच घ्या, बऱ्याच इंकजेटची शाई आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या बोटांना लागते. चित्रं कंपासपेटीतल्या कर्कटकाने पण होतात: प्रेशर गेज, फ्लायव्हील, नळ्या, बोटीचं धुराडं. आकडा मोठा आणि दोन कोपऱ्यांत काढा, लाइट गेली तरी कंदिलात वाचता आला पाहिजे. वाफ, व्हॉल्व्ह आणि बंदर लांबून वेगळे कळायला हवेत, सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते बघा, दशावतारी संचात १२० गोल पत्ते असतात तरी पत्त्याच्या मागच्या जमिनीच्या, म्हणजे चित्रामागच्या रंगावरूनच कुठला अवतार ते कळतं. आपण इथे बंदराला जाड चौकट आणि व्हॉल्व्हला काळी पट्टी दिली तरी पुरतं.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवीन ब्लेड, एका दमात न कापता हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. जाड कार्डशीट लॅमिनेट करून मग कापली तर कडा उघड्या पडतात आणि पावसाळ्यात तिथूनच सुटायला लागतात, त्यापेक्षा प्लॅस्टिकचे स्लीव्ह घ्या. साधा कागद असेल तर स्लीव्हमध्ये मागे जुन्या कॅटमधला पत्ता सरकवा, कडकपणा येतो. ठेवायला झिपची पिशवी, आत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी.

हात बसला की पावसाळी खेळ लावा: मालवण आणि वेंगुर्ल्याला बॉयलर ६ पर्यंतच टिकतो. मग २ चा पत्ता पण सुरक्षित राहत नाही, आणि अडकून पडलेली बंदरं असतील तर शेवटच्या दोन डावांत सगळा खेळ फिरतो.